मित्रास पत्र: अर्धवट राहिलेला हंगाम

मॉन्ट्रियल,
जानेवारी

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू मला जवळजवळ वेड्यातच काढलंस. "तीस वर्षांपूर्वीच्या मॅचेस परत खेळतोस म्हणजे काय रे? निकाल कधीच छापून आलेत की!" तेवढ्यात तुझी रेंज गेली आणि माझं उत्तर घशातच राहिलं. म्हणून हे पत्र. लांबलचक होणार, आधीच सांगतो. चहा घेऊन बस.

खेळाचं नाव स्ट्रॅट-ओ-मॅटिक. खोक्यात प्रत्येक बेसबॉल खेळाडूचं एकेक पुठ्ठ्याचं कार्ड आणि फासे, बस्स. हॅल रिचमन नावाच्या माणसाने शाळकरी वयातच फाशांच्या शक्यता मांडून याची सुरुवात केली आणि 1961 साली पहिला संच बाजारात आणला. धंदा चालेना तेव्हा त्याने वडिलांकडून पैसे उसने घेतले. अट अशी, की हे बुडालं तर गपचूप विम्याच्या धंद्यात यायचं. बुडालं नाही, अजून चालू आहे.

तुला आपलं पुस्तक-क्रिकेट आठवतंय ना? मागच्या बाकावर भूगोलाचं पुस्तक उघडायचं, पानाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा, शून्य आलं की आऊट. त्यात चंद्रशेखरने एकदा शतक ठोकलं होतं आणि तू वैतागून वही फेकली होतीस. बरोबरच होतं तुझं. ज्या माणसाच्या कसोटीत 242 बळी आणि धावा फक्त 167, त्याने शतक मारायचं म्हणजे खेळाची थट्टाच. पुस्तकाला गावसकर आणि चंद्रा सारखेच. स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये नेमकं तेच होत नाही. खेळाडूने त्या वर्षी खरोखर जे केलं ते त्याच्या कार्डावर शक्यतांच्या रूपाने मांडलेलं असतं.

ते असं. एक पांढरा फासा, दोन लाल. पांढऱ्यावर एक, दोन किंवा तीन आलं तर बॅटरचं कार्ड बघायचं. चार, पाच, सहा आलं तर पिचरचं. मग दोन लाल फाशांची बेरीज करायची आणि कार्डाच्या त्या रकान्यात, त्या ओळीत काय लिहिलंय ते वाचायचं. सात छत्तीसांत सहा वेळा येतं, दोन आणि बारा प्रत्येकी छत्तीसांत एकदाच. म्हणजे सातच्या ओळीत कुणाचं काय आहे, यावर त्या माणसाची सारी अब्रू. निम्मा सामना मारणाऱ्याच्या हातात, निम्मा टाकणाऱ्याच्या. डावरा पिचर समोर असेल तर कार्डाची एक बाजू, उजवा असेल तर दुसरी. क्षेत्ररक्षणाला एक ते पाच दर्जे, एक सगळ्यात चांगला. चेंडू अवघड जागी गेला की वीस बाजूंचा फासा टाकून त्या दर्जाप्रमाणे निकाल बघायचा. पिचर थकला की त्याच्या कार्डावर जिथे जिथे ठिपका आहे तिथे आऊटऐवजी सिंगल, म्हणजे बॅटर सुखरूप पहिल्या बेसवर, चारपैकी पहिल्या टप्प्यावर! हे मला फार आवडतं. थकव्याचं इतकं साधं आणि इतकं निर्दय गणित मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता तुझ्या मूळ आक्षेपाकडे येतो. निकाल छापून आलेत म्हणतोस. मी जो हंगाम खेळतोय त्याचे आलेले नाहीत. मेजर लीगचा, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचा, 1994 सालचा हंगाम संपलाच नाही, दिलीप.

झालं असं की संघांच्या मालकांना खेळाडूंच्या पगारावर वरची मर्यादा हवी होती आणि खेळाडूंच्या संघटनेला ती मान्य नव्हती. 12 ऑगस्टपासून संप. महिनाभर घासाघीस चालली आणि 14 सप्टेंबरला मेजर लीगचा कारभार पाहणाऱ्या बड सीलिगने जाहीर केलं की यंदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, होणार नाही. दोन महायुद्धांत जी थांबली नाही, 1989 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला तेव्हाही दहा दिवसांनी का होईना पण पार पडली, ती 1904 नंतर पहिल्यांदाच रद्द झाली. पैशावरून! आणि संप सुरू झाला तेव्हा अख्ख्या मेजर लीगमध्ये सर्वांत वर कोण होतं? न्यूयॉर्क नाही, अटलांटा नाही. आमचं मॉन्ट्रियल. 74 जिंकलेले, 40 हरलेले. त्याच गटातलं अटलांटा सहा सामने मागे.

'आमचं' म्हणालो, हसू नकोस. मी इथे आलो तेव्हा हा एक्सपोज नावाचा मॉन्ट्रियलचा संघ या गावातून गेलेला होता. हे खोकं मला खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दिलं. त्यांनी 1969 पासूनचा संघ पाहिलेला, जारी पार्कच्या उघड्या बाकांवर बसून, नंतर ऑलिंपिक स्टेडियममध्ये, आणि रेडिओवर जाक दूसेचं फ्रेंच समालोचन ऐकत. वृद्धाश्रमात जाताना सामान कमी करायचं होतं. मला दारात बोलावून खोकं हातात ठेवलं आणि म्हणाले, "तुला आकडे आवडतात. 94 पूर्ण कर." एवढंच. जणू गॅसचं बिल भरायला सांगत होते.

संघ तरी काय होता! मॅनेजर फेलिपे अलू, आणि डाव्या मैदानात त्याचाच मुलगा मोइजेस. आदल्या सप्टेंबरमध्ये या पोराचा घोटा असा मोडला होता की पुन्हा धावेल की नाही अशी शंका. आणि 94 मध्ये पठ्ठ्याची सरासरी .339. मध्ये मार्किस ग्रिसम, उजवीकडे लॅरी वॉकर. केन हिलचे 16 विजय झालेले. आणि बावीस वर्षांचा पेद्रो मार्तिनेझ, लॉस एंजेलिसने देऊन टाकलेला. एप्रिलमध्ये सिनसिनाटीविरुद्ध पेद्रोने आठव्या इनिंगपर्यंत एकालाही बेसवर येऊ दिलं नव्हतं. मग एक चेंडू रेजी सँडर्सला लागला (लागला की बॅटरला बेस फुकट मिळतो) आणि तो सँडर्स चिडून सरळ पेद्रोच्या अंगावर धावून गेला. अरे, कुणी परफेक्ट गेम अर्ध्यात असताना मुद्दाम चेंडू मारेल का? पण राग आला की हिशेब कोण करतो.

पुढे काय झालं ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. संप 1995 च्या वसंतात कोर्टाच्या आदेशानंतर मिटला. तो आदेश देणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर, ज्या नंतर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आणि मिटल्या मिटल्या मॉन्ट्रियलने दुकान मोडीत काढावं तसे खेळाडू विकले. हिल सेंट लुईसला, शेवटच्या इनिंगचा हुकमी पिचर वेटलँड न्यूयॉर्कला, ग्रिसम तर थेट अटलांटाला! वॉकर करार संपवून कोलोरॅडोला गेला. त्यानंतर संघ कधी सावरला नाही. 29 सप्टेंबर 2004 ला इथला शेवटचा सामना झाला आणि एक्सपोज वॉशिंग्टनला गेले. इथले लोक अजूनही शपथेवर सांगतात की 94 पूर्ण झालं असतं तर आम्हीच जिंकलो असतो, नवं स्टेडियम झालं असतं, संघ राहिला असता. ओव्हलवर 1979 ला व्यंकटने विश्वनाथच्या आधी कपिलला पाठवलं नसतं तर 438 झाल्या असत्या, असं तू अजून म्हणतोस ना, 429 वर आठ बाद झालेल्या त्या सामन्याबद्दल? तसंच.

मला मात्र ही खात्री पटत नाही. सहा सामन्यांची आघाडी आणि 48 सामने शिल्लक. बेसबॉलमध्ये एवढ्यात पुष्कळ काही होऊ शकतं. समोर अटलांटा, आणि अटलांटाकडे ग्रेग मॅडक्स, ज्याचा त्या वर्षीचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खाती पडलेल्या धावा, 1.56. हा आकडा म्हणजे काय ते तुझ्या भाषेत सांगायचं तर पूर्ण मोसम पाटा खेळपट्टीवर टाकून सरासरी बाराची. त्याचं कार्ड बघवत नाही. ओळीमागून ओळी, सगळीकडे आऊट.

मी पद्धत अशी ठेवली. काही कट्टर मंडळी अख्खा हंगाम खेळतात. 28 संघ, प्रत्येकी 162, म्हणजे 2268 सामने. अर्ध्या तासाला एक धरला तरी अकराशे तासांच्या वर! माझ्या आयुष्यात तेवढी निवृत्ती अजून आलेली नाही. मी फक्त मॉन्ट्रियल आणि अटलांटा या दोघांचे राहिलेले सामने खेळलो. मूळ वेळापत्रक रेट्रोशीट या बेसबॉलच्या नोंदींच्या संकेतस्थळावर मिळतं. बाकी गटांत 11 ऑगस्टला जो वर होता त्याला विजेता मानलं. त्यात गंमत म्हणजे दुसऱ्या लीगच्या, म्हणजे अमेरिकन लीगच्या, पश्चिम गटात टेक्सास 52 विजय आणि 62 पराभव घेऊन पहिला होता. जिंकण्यापेक्षा हरलेलेच जास्त, तरी गटात अव्वल! संप नसता तर बिचाऱ्यांना त्यावरून किती टोमणे बसले असते.

एक नियम मी स्वतःला घालून घेतला: पडलेला फासा पडलेला. टेबलाखाली गेला तरी वाकून तिथेच वाचायचा. पहिल्याच आठवड्यात मॉन्ट्रियल सपाटून मार खात होतं आणि हात फार शिवशिवत होता. मोइजेस अलू कार्डातल्या दुखापतीच्या आकड्यावर जाऊन काही सामने बाहेर बसला. आघाडी वितळून दोनवर आली. फोनवर आजोबांना सांगितलं तर ते फ्रेंचमध्ये असं काही बोलले की मला अर्धंच कळलं आणि तेवढं पुरे होतं.

पण मॅनेजर म्हणून बसलं की खेळाडू ओळखीचे होतात, हे मला आधी माहीत नव्हतं. ग्रिसम पहिल्या बेसवर आहे, पळून पुढचा बेस चोरायचा का? वॉकरला डावऱ्यासमोर ठेवायचं का? जे आकडे मी नुसते वाचले असते, त्यांच्यावर मी आता रात्री साडेअकराला चिडतो. गट अखेर मॉन्ट्रियलनेच जिंकला, पण हायसं वाटलं असं, रुबाबात नाही. अटलांटा वाइल्ड कार्डवर, म्हणजे गट न जिंकलेल्यांतल्या सर्वांत चांगल्या संघाच्या जागेवर, आत आलं. 94 पासूनच ही सोय सुरू झाली होती. आणि लीगच्या अंतिम फेरीत समोरासमोर ते दोघेच.

शेवटचा सामना तुला सांगतोच. शनिवारी दुपारी मी बोर्ड आणि फासे घेऊन वृद्धाश्रमात गेलो. आठवी इनिंग, मॉन्ट्रियल 2-1 ने पुढे, एक आऊट, अटलांटाचे दोन जण बेसवर आणि बॅटवर फ्रेड मॅकग्रिफ, डावरा, त्या वर्षी 34 होमरन. पेद्रो थकलेला. त्याच्या कार्डावरचे ते ठिपके मला एकेक दिसत होते. तरी मला त्याला ठेवायचं होतं, मन होत नव्हतं काढायचं. आजोबा म्हणाले, "फेलिपे त्याला काढेल." काढला. मेल रोहास आला. फासे टाकले. पांढरा चार. म्हणजे रोहासचं कार्ड. मॅकग्रिफच्या कार्डापासून सुटलो. पण त्या ओळीत लिहिलेलं: जमिनीवरचा चेंडू, शॉर्टस्टॉपकडे, क्षेत्ररक्षणाचा फासा टाका. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, कोण? विल कॉर्डेरो. बॅट चांगली, हात भरवशाचे नाहीत. चूक झाली तर बरोबरी, कदाचित आघाडी गेली. वीस बाजूंचा फासा आजोबांच्या हातात दिला. त्यांनी तो चहाच्या कपात हलवला, शेजारच्या खोलीतल्या एक बाई बघत उभ्या राहिल्या, आणि टाकला. डबल प्ले! दोघे बाद, तीन आऊट पुरे, इनिंग खलास. शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये वेटलँडने तिघांना गुंडाळलं. आजोबांनी मला न विचारता टेबलावरचं बिस्किट उचललं, जे त्यांना साखरेमुळे बंद आहे.

तर आता वर्ल्ड सिरीज बाकी आहे आणि त्यासाठीच खरं तर हे एवढं लिहिलं. अमेरिकन लीगचा भाग मी खेळलो नाही. 70-43 असा तिथला सर्वांत चांगला रेकॉर्ड न्यूयॉर्क यांकीजचा, त्यांना सरळ घेतलं. आजवर दोन्ही बाजूंचा मॅनेजर मीच होतो, पण इथे ते नको वाटतं. माझा कल उघड आहे. न्यूयॉर्कच्या बाजूने कुणीतरी असा हवा जो मला हरवायला मनापासून बसेल, आणि तुझ्याइतका तसा माणूस मला माहीत नाही.

तुझ्याकडे पॉल ओ'नील असेल, .359 मारून त्या वर्षीचा अमेरिकन लीगचा पहिल्या क्रमांकाचा बॅटर. वेड बॉग्ज .342. डावरा पिचर जिमी की, 17 विजय आणि 4 पराभव. वॉकरला तो नक्की त्रास देईल. आणि पहिल्या बेसवर डॉन मॅटिंगली. न्यूयॉर्कसाठी इतकी वर्षं खेळला, कर्णधार झाला, पण खेळाडू म्हणून वर्ल्ड सिरीज त्याला कधीच मिळाली नाही. 95 नंतर निवृत्त झाला आणि 96 ला न्यूयॉर्क जिंकलं. बघ म्हणजे, तुझ्याकडेही अन्याय झालेला माणूस आहे. नुसता माझ्याकडेच नाही.

कार्डांचे फोटो सोबत पाठवतो, वाचून ठेव. बॅटिंगचा क्रम आणि पहिल्या दोन सामन्यांचे पिचर मला शनिवारपर्यंत कळव, नंतर बदल चालणार नाही. खेळायचं रविवारी, वेळ तुझे रात्रीचे आठ, माझे सकाळचे साडेनऊ. कॅमेरा फाशांवर धरीन. आजोबा बाजूला बसलेले असतील, त्यांना मराठी येत नाही पण आकडा कुणी चोरला तर लगेच ओरडतील. तुझ्या बॅटरचे फासे तुझ्या घरी टाकलेस तरी चालेल, फक्त सुलभावहिनींना साक्षीदार ठेव. पुस्तक-क्रिकेटमध्ये तू अंगठ्याने पान ढकलायचास, ते मी विसरलेलो नाही.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. वहिनींना सांग की मालिका जास्तीत जास्त सात सामन्यांची असते.

तुझा,
अविनाश