सहा नंबरला पत्र

सोलापूर,
२२ जानेवारी

प्रिय सहा नंबर,

तुझं नाव लिहायला घेतलं आणि हातून नंबरच उमटला. राहू दे तसाच. मैदानावर तीन वर्षं मी तुला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली मला आठवत नाही.

फोनवर तू विचारलंस, गुडघा कसा आहे, आणि मी ‘बरा आहे’ म्हणून विषय बदलला. खरं ते आता लिहिते. चालताना दुखत नाही, जिना चढता येतो, पण डॉक्टरांनी खो-खो बंद म्हणून सांगितलंय. सूर मारणं नाही, झटक्यात वळणं नाही. ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी मी पार्क चौकापासून घरापर्यंत चालत आले आणि वाटेत कुणाशीही बोलले नाही. आठ दिवस मैदानाकडे फिरकलेच नाही. नवव्या दिवशी सर घरी आले, आईच्या हातचा चहा घेतला आणि जाताना आपली वही माझ्या पुढ्यात ठेवून गेले. म्हणाले, “ही सहा नंबर गेल्यापासून कुणी नीट लिहीत नाही. तू बस टेबलावर.”

तीच वही गं, तू पहिल्या वर्षाला सुरू केलेली, लांबड्या रजिस्टरची. आता तिसरी चालू आहे. तुझ्याच पद्धतीने लिहिते: बाद झालेलीचा नंबर, बाद करणारीचा नंबर, किती मिनिटं-सेकंद तगली ते, आणि शेवटी खूण. ‘ख’ म्हणजे खांबावर, ‘सू’ म्हणजे सूर मारून, ‘ह’ म्हणजे हद्दीबाहेर, ‘उ’ म्हणजे उशिरा प्रवेश. खेळत होते तेव्हा ही वही मला हजेरीपटासारखी वाटायची. माझा वेळ किती लागला एवढं बघायचं आणि मिटायची. आता रोज उघडी असते, आणि तिच्यामुळे आमच्या संघात जे झालं ते तुला सांगायचं म्हणून हे पत्र.

सुरुवात माझ्या चुकीने झाली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला दुसरा सामना, आपलं संरक्षण. तुकड्यांची यादी मी लिहिलेली आणि कडेला उभी असलेली बारा नंबर ती वाचून पुढच्या तिघींना उठवत होती. घाईत मी ९ असा काही काढला की त्याचं पोट भरलंच नाही, तो १ दिसला. तिने ओरडून सांगितलं, “चार, एक, सात!” एक नंबर आत शिरायला धावली, गुणलेखकाने हात वर केला, कारण त्याच्याकडे नऊ होता, ती थबकली. नऊ नंबर मागे पाणी पीत होती. तिला कळेपर्यंत समोरच्यांनी दोन खो दिले होते. तुला नियम माहीतच आहे, आधीच्या तुकडीतली तिसरी बाद झाली की दोन खो व्हायच्या आत नवी तुकडी मैदानात हवी. शिट्टी वाजली. नऊ नंबर पाऊलही न टाकता बाद. वहीत ‘उ’ मलाच लिहावा लागला.

सामना आपण दोन गुणांनी हरलो, म्हणजे तो एक गुण वाचला असता तरी हरलोच असतो. पण नऊ नंबरचा चेहरा मला रात्रभर दिसत होता. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी कबूल केलं की अंक माझा होता, बारा नंबरने दिसलं तेच वाचलं. तेव्हा नऊ नंबरच म्हणाली, “आक्का, माझा नंबर मीच लिहीत जाते की.”

तेव्हापासून तुकड्यांची यादी मी लिहीत नाही. प्रत्येक तुकडीतल्या तिघी आपापल्या हाताने आपापला नंबर लिहितात. कुणी तेलुगू शाळेतून आलेली, कुणी उर्दू, कुणी अक्कलकोटकडची, घरी कानडी बोलणारी. एकीचा सात आडवा, एकीचा चार उघड्या तोंडाचा. पण बारा नंबरला आता बाराही अक्षरं ओळखीची आहेत. लांबून कागद दिसला तरी कोण पुढे आहे ते तिला कळतं.

आणखी एक अडचण होती, ती तुझ्या काळातही असणार, फक्त आपण ती बोललो नव्हतो. वहीत तू ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ लिहायचीस. पण आक्रमणात आठ जणी बसतात त्या एकीआड एक उलट्या तोंडाने. पहिलीची डावी ती दुसरीची उजवी. मी वहीतून वाचून दाखवायचे, “डावीकडून साखळी तोड,” आणि चार जणी एका बाजूला बघायच्या, चार जणी दुसऱ्या. म्हणून आम्ही डावं-उजवं टाकूनच दिलं. आता ‘टेबलाकडची’ आणि ‘पलीकडची’ एवढंच. टेबल प्रत्येक मैदानावर असतंच. लहानशी गोष्ट आहे, पण हे ठरवायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. आधी कुणी ‘झाडाकडची’ म्हणालं, मग लक्षात आलं की बाहेरगावी आपला लिंब नसणार.

हाका आपल्या जुन्याच आहेत, तेलुगूतल्या, ओकटी, रेंडु, मूडु. गावातल्या सामन्यात त्यांचा उपयोग नाही, इथे समोरच्या संघालाही तेलुगू कळतं. बाहेर गेलो की चालतात.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीनंतर मी शाळेत असायची तशी आलेखाची वही आणली. मोठ्या चौकोनाला एक मीटर धरून २७ बाय १६ चं मैदान आखलं आणि मागच्या पाच सामन्यांत आपली पोरगी जिथे जिथे बाद झाली तिथे तांबडा ठिपका दिला. ठिपके भरपूर झाले. मी आणि सर दोघं त्याकडे बघत बसलो, पण आम्हाला त्यातून काही वाचता येईना.

त्याच आठवड्यात सात नंबरला ताप आला. तिला वही दाखवायची म्हणून मी तिच्या घरी गेले. ते घर पूर्व भागात आहे. गल्लीत शिरलं की यंत्रमागाचा खडखडाट सुरू होतो, त्यात बोललेलं ऐकूच येत नाही. तिचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात आहेत. नुकतेच पाळी संपवून आले होते, केसांत सुताची पिंज तशीच होती. काकांना मराठी बोलता येतं, वाचायला जड जातं, पेपर तेलुगू वाचतात. मी सात नंबरला ठिपके समजावून सांगत होते, तर काकांनी चष्मा लावला आणि कागद माझ्या हातातून घेतला. उलटा धरला, सुलटा धरला. मग विचारलं, “हे कशाचं डिझाईन?”

मी म्हटलं, डिझाईन नाही काका, मैदान आहे. ते म्हणाले, चौकोनाचा कागद म्हणजे डिझाईनच. मग त्यांनी मला सांगितलं, आणि मी इतकी वर्षं सोलापुरात राहून पहिल्यांदा ऐकलं. चादरीवर मोर काढायचा तर आधी तो असाच चौकोनांच्या कागदावर काढतात. भरलेला चौकोन म्हणजे तिथला ताणा उचलायचा. त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पाडतात, पुठ्ठे ओळीने शिवतात आणि जकार्डवर चढवतात. भोक असेल तिथला धागा वर येतो, नसेल तिथला खाली राहतो. एखादं भोक चुकीच्या जागी पडलं, तर मोर जितक्यांदा येईल तितक्यांदा त्याच्या मानेवर तोच डाग येतो. “कापडात एकदाच डाग आला तर धागा तुटला समजायचं,” काका म्हणाले. “तोच डाग फिरून फिरून आला, तर पुठ्ठा बघायचा.”

आणि त्यांनी बोट ठेवलं. खांबाच्या जवळ, टेबलाकडच्या बाजूला. मग दुसऱ्या खांबाजवळ, तिथेही टेबलाकडेच. दाट ठिपके. पलीकडच्या बाजूला जेमतेम दोन-तीन. मला ठिपके दिसत होते, त्यांना नक्षी दिसली. सात नंबर अंथरुणातून उठून बसली. ती म्हणाली, “आक्का, खांबाला वळसा घातला की आपण सगळ्या टेबलाकडेच वळतो.”

अगं, खरंच वळतो. तूही वळायचीस. मी डोळे मिटून आठवून बघितलं, मीही वळायचे. कारण आपल्या कॉलेजच्या मैदानावर पलीकडच्या बाजूचा मुरूम उखडलेला आहे. तिथे पाय घसरतो म्हणून पहिल्या वर्षापासून आपली पावलं आपोआप चांगल्या बाजूला जातात. कुणी शिकवलं नाही. मोठ्या मुलींचं बघून धाकट्या तशाच पळायला लागल्या. आणि समोरचे संघ हे आपल्याआधी वाचून बसले होते. खांबावरची पोरगी टेबलाकडे अंग झुकवून तयारच असायची.

सरांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी कागद बराच वेळ बघितला आणि फक्त “चार वर्षं” एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी पोरींनी आणि हॉलीबॉलच्या मुलांनी मिळून मैदान सारखं केलं. पाणी मारलं, रोलर फिरवला. आता आठवड्यातले तीन दिवस वळसा फक्त पलीकडे घ्यायचा, टेबलाकडे वळलीस तर बाद. लगेच जिंकायला लागलो असं नाही. उलट पहिले पंधरा दिवस सगळ्या अडखळत होत्या. पण परवाच्या सराव सामन्यात नऊ नंबरने २ मिनिटं ४० सेकंद काढली आणि शेवटी बाद झाली ती मैदानाच्या मध्यावर. तो ठिपका देताना मला फार आनंद झाला, कारण तिथे याआधी एकही नव्हता.

काकांना आम्ही सगळ्या भेटायला गेलो. त्यांनी आलेखाचा कागद मागून घेतलाय. म्हणाले, पाच-पाच सामने झाले की आणत जा.

गड्ड्यात, आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत, तुझी आठवण आली. अक्षता सोहळ्याला आम्ही सात जणी संमती कट्ट्याजवळ पोचलो, पहाटेच निघालो होतो. सातही नंदीध्वज आले, बाराबंदीतल्या माणसांनी सगळा परिसर पांढरा झाला, आणि कानडीतली संमती वाचायला सुरुवात झाली. आपली तीन नंबर कानडी आहे. ती हळू आवाजात अर्थ सांगत होती. माझ्या मनात आलं, एवढ्या हजारो माणसांत हे लिहिलेलं स्वतः वाचू शकणारी थोडीच असतील, पण अक्षता कधी टाकायच्या ते एकालाही विचारावं लागत नाही. एकाने वाचायचं आणि सगळ्यांनी होकार भरायचा. परत आल्यावर मी सरांना सुचवलं, आणि आता बारा नंबर यादी वाचते तेव्हा त्या तिघी आपापला नंबर मोठ्याने परत म्हणतात. त्यानंतर वहीत एकही ‘उ’ आलेला नाही.

शनिवारी सराव झाला की आम्ही लिंबाखाली बसून कागद वाचतो, हेही सांगायचं राहिलं. पाच जणींना पोलीस भरतीत उतरायचंय. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे हे सगळ्यांना ऐकून माहीत होतं, पण कुठल्या स्पर्धेचं, कितव्या क्रमांकाचं प्रमाणपत्र चालतं ते कुणी वाचलं नव्हतं. शासन निर्णय काढून आणला. पहिल्या पानावर ‘विहित नमुना’ आणि ‘पडताळणी’ला सगळ्या अडल्या. एक नंबर वाचते, मी सोपं करून सांगते, तीन नंबर कानडीत, सात नंबर तेलुगूत. दोन शनिवारांत चार पानं झाली. सावकाश चाललंय, पण मागच्या वर्षी एका सीनियरची पडताळणी वेळेत न झाल्याने अर्ज गेला, ते या पोरींनी बघितलंय. एकही ओळ सोडू देत नाहीत.

आता तुझ्याकडे काम आहे. सोबत जुन्या वहीच्या एका पानाची झेरॉक्स पाठवतेय. तुझ्या शेवटच्या सामन्याचं पान आहे. आठ नंबरच्या ओळीत, जिथे ‘ख’ किंवा ‘सू’ हवं तिथे तू एक लहान गोल काढलायस आणि त्याला खाली शेपूट. पूर्ण वहीत ही खूण तीनदाच आहे. मी तुझ्या शेजारी बसायचे तरी मला आठवत नाही. सर म्हणतात, पाऊस आला असेल. बारा नंबर म्हणते, पाणी पिण्याचा वेळ. नव्या पोरींनी तर ती वापरायलाच घेतली आहे. जोडीदारणीला वाचवायला जी मुद्दाम पाठलाग अंगावर ओढून घेते आणि बाद होते, तिच्यापुढे आता गोल आणि शेपूट येतं. याला आधी आपल्याकडे खूणच नव्हती, नुसतं बाद लिहायचो.

तुझा अर्थ काय होता ते कळव. वेगळा असेल तर पोरी म्हणतात की तुझ्यासाठी खूण तशीच ठेवू आणि आमच्यासाठी दुसरी काढू. पण फोनवर सांगू नकोस. शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने निघ, शनिवारी लिंबाखाली ये आणि वहीत तुझ्या हाताने लिही. आईने शेंगाचटणी कुटून ठेवली आहे.

तुझी,
अकरा नंबर