नाशिकहून आई-बाबांस

तीर्थरूप आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार.

आम्ही दोघे सुट्टीत नाशिकच्या वायनरी पाहायला जाणार आहोत, असे फोनवर सांगितले तेव्हा आई गप्प राहिली. तिच्या त्या गप्प राहण्याचा अर्थ मला ठाऊक आहे, म्हणून तिच्या शंकेचे उत्तर आधी देते. चव घेण्यासाठी पेल्यात जेमतेम दोन घोट ओततात, ते तोंडात घोळवून समोरच्या भांड्यात टाकले तरी कोणी वावगे मानत नाही, आणि गाडी आम्ही ड्रायव्हरसह ठरवली होती.

आता बाबांसाठी बागेचे लिहिते. गंगापूर धरणाजवळ सुला या वायनरीची द्राक्षबाग आहे. राजीव सामंत यांनी अमेरिकेतून परत येऊन 1990 च्या दशकात ती उभी केली आणि 2000 साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. शनिवार-रविवारी तिथे जत्रा असते, त्यामुळे जायचे तर मधल्या वारी. पाहुण्यांना टबात उतरवून द्राक्षे तुडवायला लावतात, तो प्रकार मला मुळीच आवडला नाही; तो केवळ हौसेचा खेळ आहे, वाइनचा रस यंत्रानेच काढतात. पण घडांवर पाय पडताना पाहून बाबा तिथून उठूनच गेले असते.

द्राक्षे मात्र त्यांनी हातात घेऊन निरखावीत अशी आहेत. शिराझ या लाल वाइनच्या वाणाचे मणी आपल्या बागेतल्या सोनाका या खायच्या द्राक्षासमोर अगदीच बारीक, साल जाड आणि आत बिया. मणी फुगवण्यासाठी आपण घड जीए या संजीवकाच्या द्रावणात बुडवतो, इथे ती फुगवण कोणाला नकोच असते, कारण लाल वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा सुवास सालीतून येतो आणि मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक. नव्या फुटीसाठीची खरड छाटणी एप्रिलमध्ये आणि घड येण्यासाठीची फळछाटणी पाऊस सरल्यावर, हे चक्र आपल्यासारखेच आहे. फ्रान्समध्ये कडाक्याच्या थंडीत वेली आपोआप विश्रांती घेतात, त्यामुळे तिथे वर्षाला एकच छाटणी पुरते. भुरी आणि डावणी हे रोग मात्र दोन्हीकडे पाठ सोडत नाहीत.

रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजतात; आपण 18 ब्रिक्सच्या आसपास माल काढायला घेतो, तर इथे शिराझ 23-24 पर्यंत वेलीवरच ठेवतात, कारण त्या साखरेचेच यीस्ट पुढे अल्कोहोल करते आणि 22 ब्रिक्सच्या रसातून साधारण 12 टक्क्यांची वाइन निघते. काढणी पहाटेच उरकतात, म्हणजे घड थंड असतानाच आत पोहोचतात. पांढऱ्या वाइनसाठी रस सालीपासून लगेच वेगळा करून स्टीलच्या टाक्यांत थंड ठेवून आंबवतात, तर लाल वाइनचा रस सालींसकट आंबवतात. दिंडोरीच्या शांडोन या वायनरीत फसफसणारी वाइन होते. तिची द्राक्षे आंबटपणा टिकावा म्हणून लवकर तोडतात आणि दुसऱ्यांदा आंबवण्याची क्रिया बंद बाटलीतच घडवतात.

मला सर्वांत आवडली ती शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाची उशिरा काढणीची वाइन. घड वेलीवर सुकू लागेपर्यंत राखून ठेवतात, मग त्यातला उरलेला रस मधासारखा दाट आणि गोड होतो. आपल्या बेदाण्याच्या शेडमध्ये मोठी झालेली मी, मला ती चव ओळखीची वाटली यात नवल नाही. तुमच्या जावयांना मात्र काबर्ने ही तुरट लाल वाइनच भावली, आणि त्यावरून आमचा वाद इगतपुरीकडे सांजेगावला पोहोचेपर्यंत चालला. तिथे मुकणे धरणाच्या काठावर व्हॅलोन नावाची छोटी वायनरी आहे आणि राहायला मोजक्याच खोल्या आहेत. गर्दी नाही, आणि आईला चालेल असे शांत ठिकाण आहे.

बाबा, इथे पुष्कळ शेतकरी वायनरीशी आधीच करार करून माल देतात. बाजाराच्या चढउताराची टांगती तलवार त्यामुळे थोडी दूर राहते, पण चढ्या भावाचा लाभही मिळत नाही, आणि करार मोडला तर ही द्राक्षे टेबलावर खायला कोणी घेणार नाही. आपली बाग बदलावी असे मी मुळीच म्हणत नाही. फक्त तुम्ही स्वतः पाहावे असे वाटते. लाल वाणांची काढणी मार्चमध्येही चालू असते, तेव्हा आपला माल गेला की खरड छाटणीच्या आधीचे चार दिवस मोकळे ठेवा. सांजेगावच्या खोल्यांचे मी पाहते. आईने तिच्या गुडघ्याची औषधे बरोबर घ्यावीत, कारण बागेत चढउतार बराच आहे.

तुमची लाडकी,
मनीषा