बोबान त्या लाथेनंतरही खेळला होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला युगोस्लाव्हियाच्या फुटबॉल संघावरचा लेख वाचला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. लेखकाने कष्ट घेतले असतील, ते नाकारत नाही. पण क्रोएशियाचा खेळाडू बोबान याने पोलिसाला लाथ मारली, संघ तिथेच फुटला आणि त्याने ती जर्सी पुन्हा अंगावर चढवली नाही, हे धडधडीत चूक आहे. दुर्दैवाने सगळा लेख याच गोष्टीवर उभा केला आहे.

क्रोएशियातल्या झाग्रेबच्या मॅक्सिमिर मैदानावर १३ मे १९९० ला बोबानने पोलिसाला लाथ घातली, त्याच्यावर बंदी आली, इटलीचा वर्ल्ड कप हुकला. इथपर्यंत बरोबर. पुढचं का लिहिलं नाही? वर्षभरानेच, १६ मे १९९१ ला, बेलग्रेडमध्ये फेरो बेटांच्या संघाला युगोस्लाव्हियाने ७-० असं हरवलं. त्या सामन्यात बोबान होता आणि त्याने गोलही केला. क्रोएशियाच्याच शुकरचा गोल आहे, प्रोसिनेचकीचा आहे. त्यानंतर तीनच दिवसांनी क्रोएशियात स्वातंत्र्यासाठी सार्वमत झालं. म्हणजे देश मोडायला आला होता तरी ही पोरं एकमेकांना पास देत होती. या संघाची खरी गोष्ट ही आहे आणि तीच लेखात नाही.

१९९० च्या वर्ल्ड कपमध्ये संघ आतून पोखरलेला होता म्हणून उपांत्यपूर्व सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला, हेही मला मान्य नाही. तो सामना आम्ही परळच्या चाळीत, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि झाडून सगळे मॅराडोनाचे. एकटे माझे वडील, आमचे दादा, युगोस्लाव्हियाच्या बाजूचे. कारण सांगतो. मुंबईच्या कूपरेज मैदानावर त्यांनी भारताच्या नेव्हिल डिसोझाला खेळताना पाहिलं होतं. मेलबर्नच्या १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात याच युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल नेव्हिलचा. पुढे आपण ४-१ हरलो, पण हरवणारा संघ कसा खेळला हे दादांनी पेपरात वाचून मनात जपून ठेवलं होतं. त्याच्या चार वर्षं आधी, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये, त्यांनीच आपल्याला १०-१ असं धुतलं होतं, तेही दादांना पाठ. ज्यांच्याकडून आपली माणसं हरली ते लेचेपेचे नव्हते, असं ते म्हणायचे.

युगोस्लाव्हियाच्या शबानाजोविचला अर्ध्या तासातच लाल कार्ड मिळालं. त्यानंतर जादा वेळ धरून दीड तास दहा माणसांनी अर्जेंटिनाला एक गोल करू दिला नाही. पेनल्टीत गोलकीपर इव्हकोविचने मॅराडोनाचा फटका अडवला तेव्हा खोलीत चिडीचूप झालं आणि दादा एकटे टाळ्या वाजवत उभे राहिले. मागून कुणीतरी ‘बसा हो’ म्हणून ओरडलं, तरी बसले नाहीत. शेवटी हाजीबेगिचची पेनल्टी अडली आणि खाली रस्त्यावर फटाके वाजले. वर्ल्ड कपच्या त्या चमूत इव्हकोविच झाग्रेबचा, हाजीबेगिच बोस्नियातल्या साराजेव्होचा, स्टोयकोविच सर्बियाचा, साविचेविच मॉन्टेनेग्रोचा, कातानेच स्लोव्हेनियाचा, पांचेव्ह मॅसेडोनियाचा. पोखरलेला संघ असा दीड तास दहा जणांनी तग धरत नाही. त्यांच्यात राजकारण शिरलंच नव्हतं असं मी म्हणत नाही. वर्ल्ड कपला निघण्याआधी झाग्रेबच्याच प्रेक्षकांनी युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रगीताला शिट्ट्या मारल्या आणि हॉलंडला पाठिंबा दिला, हे जगाने पाहिलं. पण ते प्रेक्षकांत होतं. मैदानावर खेळणाऱ्यांच्या माथी ते का मारता?

आणि ओसिम कुठे आहेत? एवढ्या मोठ्या लेखात प्रशिक्षकाचं नावसुद्धा नाही! प्रत्येक प्रांतातला पेपर आपापल्या खेळाडूसाठी त्यांच्या मागे लागायचा, तरी त्यांनी संघ बांधून ठेवला. युरो १९९२ च्या पात्रता फेरीत डेन्मार्कला मागे टाकून गट जिंकला, एकट्या पांचेव्हने १० गोल केले. मग साराजेव्होला वेढा पडला. ओसिम त्याच गावचे, पत्नी तिथे अडकलेली. २३ मे १९९२ ला त्यांनी रडत राजीनामा दिला. आपल्या गावासाठी आपल्याला एवढंच करता येतं, अशा अर्थाचं ते बोलले. आठवड्याभरात संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले आणि स्वीडनला पोहोचलेला संघ परत पाठवला गेला. त्याच्या जागी आलेला डेन्मार्क स्पर्धा जिंकला. तुमच्या लेखात डेन्मार्कच्या परीकथेला दोन परिच्छेद आणि ओसिमना एक ओळ नाही. मला याचा राग आला आहे आणि तो मी लपवत नाही.

राजकारणाचीच सुरुवात शोधायची असेल तर १९९० कशाला, १९३० पर्यंत मागे जा. फुटबॉल संघटनेचं कार्यालय झाग्रेबहून बेलग्रेडला हलवलं म्हणून क्रोएशियाचे खेळाडू पहिल्या वर्ल्ड कपला गेलेच नाहीत. तरी उरलेल्या संघाने ब्राझीलला २-१ हरवून उपांत्य फेरी गाठली. शेवटाबद्दलही तेच. तुम्ही १९९२ ला थांबलात. २००६ मध्ये सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो हा संघ जर्मनीत वर्ल्ड कप खेळला तेव्हा तो देश उरलाच नव्हता. मॉन्टेनेग्रो काही दिवस आधी, ३ जूनला, वेगळा झाला होता. अर्जेंटिनाने त्यांना ६-० असं हरवलं.

लेखासोबतचं छायाचित्रही चुकलं आहे. खाली ‘युगोस्लाव्हिया, १९९०’ असं छापलंय आणि खेळाडूंच्या अंगात लाल-पांढऱ्या चौकड्या! त्या चौकड्या क्रोएशियाच्या. युगोस्लाव्हियाचा सदरा निळा, चड्डी पांढरी, मोजे तांबडे. पुरवणी छापायला जाण्याआधी एकदा कुणी पाहत नाही का?

विषय निघालाच आहे तर आणखी एक. पूर्वी तुमच्या क्रीडा पानावर मुंबईच्या फुटबॉल लीगचे निकाल बारीक टायपात का होईना, यायचे. कोण कुणाशी खेळलं, गोल कुणी केले, सगळं कळायचं. आता आयपीएलच्या दिवसांत दोन-दोन पानं क्रिकेटला जातात आणि कूपरेजवर काल काय झालं ते शोधून सापडत नाही. तिथे आजही मुलं खेळतात. त्यांची नावं छापायला चार ओळी पुरतील.

बोबानच्या १९९१ च्या सामन्याची आणि छायाचित्राची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पुरवणीत छापावी. आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको.

आपला,
एक जुना वाचक, परळ, मुंबई