लहान मुलांसाठी थीम पार्कऐवजी क्रूझ सुचवताना आवश्यक माहिती न दिल्याबाबत तक्रार

लातूर,
दिनांक : 12 जानेवारी 2026

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे.

विषय : अडीच वर्षांखालील मुलीला लागू होणारे जहाजावरील नियम आरक्षणापूर्वी न सांगितल्याबाबत आणि तिच्यापोटी घेतलेली रक्कम परत मिळण्याबाबत.

संदर्भ : माझी 31 डिसेंबर 2025 रोजीची ई-मेल तक्रार व आपले 6 जानेवारी 2026 रोजीचे उत्तर.

महोदय,

मी लातूर येथे राहतो आणि एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी करतो. मी, माझी पत्नी, सहा वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षे चार महिन्यांची मुलगी अशा चौघांनी आपल्या पर्यटन कंपनीच्या लातूर शाखेमार्फत 26 ते 29 डिसेंबर 2025 या काळात मुंबई–गोवा–मुंबई असा क्रूझचा प्रवास केला आणि त्यासाठी आपल्याकडे 1,12,600 रुपये भरले. या प्रवासाबाबतच्या माझ्या पहिल्या तक्रारीला आपल्याकडून चार ओळींचे उत्तर आले. त्यात ‘सदर नियम जहाज कंपनीचे असून त्यांवर आमचे नियंत्रण नाही’ असे म्हटले आहे. माझी तक्रार नियमांविरुद्ध नव्हतीच. ते नियम पैसे भरण्याआधी आम्हाला कोणी सांगायचे होते, हा माझा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्या चार ओळींत नसल्यामुळे हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

8 नोव्हेंबर रोजी आम्ही आपल्या शाखेत आलो, तेव्हा क्रूझचा विचारही आमच्या मनात नव्हता. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा भरते. गेल्या यात्रेत मुलगा रहाटपाळण्यात बसला आणि तेव्हापासून ‘याच्यापेक्षा मोठा पाळणा कुठे असतो’ हे त्याचे टुमणे सुरू होते. त्यासाठी नाताळच्या सुट्टीत खोपोलीजवळच्या थीम पार्कमध्ये दोन दिवस जायचे, असे आम्ही ठरवले होते. लातूर एक्सप्रेसने पुण्यात उतरायचे, तेथून द्रुतगती मार्गाने गाडीने जायचे आणि जवळच्या हॉटेलात मुक्काम करायचा, इतकी साधी योजना होती. आपल्या शाखेनेच तिचा 41,000 रुपयांचा अंदाज एका कागदावर लिहून दिला होता आणि तो कागद माझ्याकडे अजून आहे.

तो कागद लिहून झाल्यावर आपल्या प्रतिनिधींनी मुलांची वये विचारली, मुलाला भिंतीजवळ उभे करून त्याची उंचीही पाहिली (ती 112 सेंटीमीटर भरली) आणि थीम पार्क आमच्यासाठी कसे योग्य नाही हे समजावून सांगायला सुरुवात केली. मोठ्या राइडना उंचीची अट असते, त्यामुळे मुलाला ज्या राइडची हौस आहे तिच्या दारातूनच त्याला परत फिरावे लागेल. मुलीला तर बहुतेक ठिकाणी प्रवेशच मिळणार नाही. नाताळात एकेका राइडसाठी तास-तासभर रांग असते. दिवसभर मुलीला कडेवर घेऊन फिरावे लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. यातले काहीही खोटे नव्हते आणि मला त्यांचा हा स्पष्टपणा त्या वेळी आवडलाही होता. याउलट क्रूझवर सामान एकदा खोलीत टाकले की संपले, जेवण तयार, मुलांसाठी दिवसभर किड्स क्लब, पोहण्याचा तलाव आणि त्या वेळात आई-वडिलांना निवांतपणा, असे चित्र त्यांनी आमच्यासमोर उभे केले. खर्च जवळजवळ पावणेतीनपट होत होता. तरीही ‘दोन्ही मुलांना सारखाच आनंद मिळेल’ या एका वाक्यावर आम्ही तयार झालो.

निर्णय पक्का करण्यापूर्वी, 11 नोव्हेंबर रोजी, माझ्या पत्नीने आपल्या प्रतिनिधींना व्हॉट्सअॅपवर नेमका प्रश्न विचारला होता : ‘मुलगी अजून डायपर वापरते. किड्स क्लब आणि तलाव तिला चालेल ना?’ त्यावर ‘मॅडम, निश्चिंत राहा, लहान मुलांसाठी सगळं आहे’ असे उत्तर आले. त्याच संभाषणात, मुलीला रात्री नाचणीची पेज लागते असे कळवल्यावर ‘छोटी इलेक्ट्रिक किटली सोबत ठेवा’ असा सल्लाही मिळाला.

किटलीचा निकाल सर्वांत आधी लागला. मुंबईत जहाज जेथून सुटते त्या बॅलार्ड पिअरला सामानाच्या तपासणीत ती काढून घेतली गेली. आग लागण्याच्या धोक्यामुळे पाणी तापवण्याची उपकरणे प्रवाशांना जहाजावर नेता येत नाहीत, हे तेथील कर्मचाऱ्यांनी आम्हाला शांतपणे समजावले, पावती दिली आणि उतरताना किटली परतही केली. नियम योग्यच आहे. भर समुद्रात अग्निशमन दलाचा बंब येऊ शकत नाही. पण नियम मोडल्याशिवाय जो पाळताच येत नाही, असा सल्ला पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीने द्यावा, याचे आश्चर्य वाटले. नाचणीच्या पिठाची पुडीही बाहेरचे खाद्य म्हणून तेथेच राहिली. जहाजावर चढेपर्यंत कागदपत्रे, तपासणी आणि नोंदणी यांच्या रांगांत आमचे पावणेतीन तास गेले. ज्या रांगांची भीती घालून आम्हाला थीम पार्कपासून परावृत्त केले गेले, त्यांची आठवण होणे साहजिक होते.

पहिल्या संध्याकाळी आम्ही दोन्ही मुलांना घेऊन किड्स क्लबला गेलो. तेथील फलकावर लिहिले होते की, तीन वर्षे पूर्ण झालेल्या आणि डायपर न वापरणाऱ्या मुलांनाच आई-वडिलांशिवाय ठेवून घेतले जाईल. मुलाला प्रवेश मिळाला, मुलीला नाही. ‘दिवसभर’ हा शब्दही खरा ठरला नाही, कारण क्लब दुपारी तीन तास बंद असे. शिवाय बहीण बाहेर रडत उभी असल्याचे पाहून मुलगाही तासाभरात बाहेर आला आणि पुन्हा आत जायला तयार झाला नाही.

तलावाचा प्रसंग मला थोडा विस्ताराने सांगावा लागेल. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या गावची आम्ही माणसे आहोत. आमच्या घरात आजही बादलीतले उरलेले पाणी कुंडीत ओतले जाते. पाण्याने काठोकाठ भरलेला निळा तलाव माझ्या मुलीने आयुष्यात प्रथमच पाहिला होता. त्यासाठी तिच्या आजीने पिवळा पोहण्याचा पोशाख घेतला होता आणि तो अंगात चढवून ती सकाळी आठ वाजल्यापासून दारात उभी होती. तलावावरच्या जीवरक्षकाने तिच्या डायपरकडे पाहून नम्रपणे, पण ठामपणे नकार दिला. पोहण्यासाठीचा खास डायपर असला तरी चालत नाही आणि काठावर बसून पाय बुडवणेही नाही, कारण एका लहान मुलाकडून पाणी दूषित झाले तर तलाव सर्वांसाठीच बंद करून स्वच्छ करावा लागतो, असे त्याने सांगितले. त्याचे म्हणणे आम्हाला पटले. मुलीला मात्र ते समजावणे शक्य नव्हते. शेवटी पत्नीने खोलीतील हात धुण्याच्या भांड्यात कोमट पाणी भरले, मुलीला त्याच्या काठावर धरून बसवले आणि तिचे पाय त्यात सोडले. पिवळ्या पोशाखाचा तेवढाच उपयोग झाला.

त्यानंतरचा क्रम ठरूनच गेला. मुलगा तलावावर असेल तेव्हा मी त्याच्याजवळ आणि पत्नी मुलीसह खोलीत. पत्नी जेवायला गेली की मी खोलीत. रात्रीचे कार्यक्रम मुलीच्या झोपेच्या वेळी सुरू होत असल्याने तेही आम्हाला आळीपाळीनेच पाहावे लागले. खोली खिडकी नसलेली होती आणि चौघांपैकी दोघांसाठीचे बिछाने भिंतीतून वर उघडणारे होते. इतक्या लहान मुलांना तिथे झोपवू नये असे कर्मचाऱ्यांनीच सुचवल्याने दोन्ही मुले खाली आणि आम्ही दोघे वर असे तीन रात्री झोपलो. 27 तारखेला गोव्यात काही तास उतरता तरी आले. 28 तारखेला मात्र जहाज दिवसभर समुद्रात होते. थीम पार्क आणि क्रूझ यांतला लहान मुलांच्या दृष्टीने खरा फरक मला त्या दिवशी कळला. पार्कमध्ये एका राइडला नकार मिळाला तर शेजारची टॉय ट्रेन असते, घोड्यांचा गोल फिरणारा पाळणा असतो; मूल कंटाळले तर दुपारी तीनला हॉटेलवर परत येता येते. जहाजावर आमच्या मुलीसाठी सांगितलेल्या गोष्टी दोनच होत्या, दोन्ही तिला बंद होत्या आणि तेथून परत जाण्याची सोय नव्हती.

जहाजाविषयी, तेथील कर्मचाऱ्यांविषयी किंवा जेवणाविषयी माझी काहीही तक्रार नाही, हे येथे नमूद करतो. वरण-भात दोन्ही वेळा मिळाला, एका वाढप्याने मुलीसाठी रोज न मागता केळे बाजूला ठेवले आणि प्रवासाच्या सुरुवातीचा सुरक्षा सराव अतिशय शिस्तीत झाला. समुद्रही शांत होता. ज्यांची मुले सात-आठ वर्षांची आहेत, त्यांना हा प्रवास आवडेल असे मी स्वतः चार जणांना सांगितले आहे.

आता आपल्या उत्तराकडे वळतो. नियम जहाज कंपनीचे आहेत हे मान्य. परंतु थीम पार्कमधील उंचीची अटही आपल्या कंपनीची नव्हती. ती आपल्या प्रतिनिधींना पाठ होती, ती आम्हाला आपण होऊन सांगितली गेली आणि तिच्या आधारेच आमचा विचार बदलला गेला. मग वय आणि डायपर यांची अट विचारूनही का सांगितली गेली नाही? कमी पैशांच्या सहलीचे दोष सेंटीमीटरमध्ये मोजून दाखवायचे आणि जास्त पैशांच्या सहलीबाबत ‘सगळं आहे’ म्हणायचे, यालाच आमच्याकडे घ्यायचे माप वेगळे आणि द्यायचे माप वेगळे म्हणतात. मुलीचे वय आपल्याला माहीत नव्हते असे म्हणायलाही जागा नाही. आरक्षणासाठी आपण तिच्या बाल आधारची प्रत घेतली आहे आणि ते निळे कार्ड पाच वर्षांखालील मुलांनाच मिळते. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, हे एसटीचा वाहकसुद्धा पैसे घेण्याआधी सांगतो.

‘सर्व अटी संकेतस्थळाच्या दुव्यावर उपलब्ध होत्या’ असेही आपण कळवले आहे. तो दुवा आम्हाला पूर्ण रक्कम भरल्यानंतर, 2 डिसेंबर रोजी, तिकिटासोबत मिळाला. त्या वेळी आरक्षण रद्द केल्यास निम्मी रक्कम कापली जाणार होती. माझ्या नोकरीत रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्ज देण्यापूर्वी व्याज, शुल्क आणि दंड यांची माहिती देणारे मुख्य तथ्यांचे विवरणपत्र कर्जदाराला त्याला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. कर्ज दिल्यानंतर दुवा पाठवला असता, तर माझी नोकरी राहिली नसती. आपल्या व्यवसायाला तो आदेश लागू नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 आपल्याला लागू आहे आणि त्यातील कलम 2(11) नुसार ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती जाणूनबुजून दडवणे ही सेवेतील त्रुटी ठरते.

माझी मागणी मर्यादित आहे. आम्ही जहाजावर राहिलो, जेवलो, गोवा पाहिला. त्यामुळे संपूर्ण रक्कम परत मागणे मला योग्य वाटत नाही. मुलीच्या नावे आकारलेले 17,800 रुपये आणि ‘फॅमिली पॅकेज’ या नावाखाली किड्स क्लब व तलावासह मुलांच्या उपक्रमांसाठी वेगळे घेतलेले 8,500 रुपये, असे एकूण 26,300 रुपये आपण माझ्या खात्यात परत जमा करावेत. तसेच क्रूझच्या आपल्या मराठी माहितीपत्रकात, जेथे हसऱ्या मुलांचे तलावातील छायाचित्र आहे त्याच पानावर, किड्स क्लबचे किमान वय, डायपरविषयीची अट आणि सोबत नेण्यास मनाई असलेल्या वस्तू छापाव्यात आणि तसे मला लेखी कळवावे. आपल्या लातूर शाखेतील प्रतिनिधींवर व्यक्तिशः कारवाई व्हावी अशी माझी इच्छा नाही. ते तरुण आहेत आणि त्यांना जे सांगायला शिकवले गेले, तेच त्यांनी सांगितले असावे, असे मला वाटते.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे 1915 या क्रमांकावर आणि त्यानंतर लातूर येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन. ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची तरतूद कायद्यात असल्यामुळे मला पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत, तसेच पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्कही नाही. तशी वेळ येऊ नये, अशी माझी अपेक्षा आहे.

सोबत 8 नोव्हेंबर रोजीचा थीम पार्कच्या खर्चाचा आपला हस्तलिखित अंदाज, 11 नोव्हेंबर रोजीच्या व्हॉट्सअॅप संभाषणाची छापील प्रत, रक्कम भरल्याच्या पावत्या, किड्स क्लबच्या फलकाचे छायाचित्र आणि बॅलार्ड पिअर येथे मिळालेली किटलीची पावती जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक, लातूर
(नाव, पत्ता व आरक्षण क्रमांक आपल्याकडे पाठवलेल्या मूळ प्रतीवर नमूद आहेत.)