‘लासं आहे, जाईल मोठेपणी’: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिच्या गालावर निळसर फुगवटा होता. सासूबाई म्हणाल्या, ग्रहणात सुरी हातात घेतली होतीस. डॉक्टर म्हणाले, रक्ताची गाठ आहे, वाढत्या वयात जिरेल. जिरली नाही. मुलीबरोबर वाढली. ती रडली, खाली वाकली की गाल टरारून फुगायचा. चौथ्या वर्षी एका खासगी रुग्णालयात साधी गाठ समजून तिथे सुरी चालवली. रक्त थांबेना. रक्त चढवून मूल हाती लागलं; फुगवटा होता तिथेच राहिला.

जिरणारी गाठ वेगळी. तिला हिमॅन्जिओमा म्हणतात. तो बहुधा जन्मानंतर काही आठवड्यांत दिसतो, भराभर वाढतो आणि पुढे काही वर्षांत ओसरतो. फारच वाढला तर प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं जुनं औषध त्यावर चालतं. माझ्या मुलीच्या शिरांची घडणच गर्भात चुकली होती. ते आपोआप जात नाही. हा फरक वैद्यकशास्त्राने 1982 मध्येच मांडला. आमच्यापर्यंत पोचायला मुलीची सहा वर्षं गेली.

कळलं ते मुंबईत, डॉपलर (शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) आणि एमआरआयनंतर. तिथे सोनोग्राफीत पाहत सुईने शिरांत औषध सोडतात. शिरा आतून चिकटून आकसतात. चार वेळा झालं. गाल निम्मा उतरला. पूर्ण बरं होईल असं त्या डॉक्टरांनी सांगितलं नाही, त्या खरेपणाबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

साहेब, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याच्या पथकाने माझ्या मुलीला अंगणवाडीत दोनदा तपासलं. वजन घेतलं, दात पाहिले. गाल पाहून म्हणाले, लासं आहे. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जन्मजात दोषांच्या यादीत दुभंगलेला ओठ आहे, वाकडा पाय आहे, हे नाही. राज्याने ते घालावं. दोन प्रश्न पुरेत: जन्मतःच होतं का? वाकल्यावर फुगतं का? उत्तर हो आलं, तर कार्डावर ‘तपासणीआधी कापू नये’ असं लिहून मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रामार्फत वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावं. आणि महात्मा फुले योजनेत सगळ्या सुयांना एकदाच मंजुरी मिळावी. हा उपचार एका फेरीत संपत नाही.

पथकांच्या प्रशिक्षणाला मुलीचे फोटो, अहवाल लागले तर देईन. मी तिला विचारलं. ती हो म्हणाली.

आपली,
तिसरीतल्या एका मुलीची आई