मिनू, त्या फोनबद्दल

चि. मिनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मध्येच फोन ठेवलास, ते अजून डोक्यातून जात नाही. "किंचाळायला अभिनय कशाला लागतो?" असं मी म्हणायला नको होतं. चुकलंच माझं. पण ती शिक्षिकेची चांगली भूमिका सोडून पुन्हा भुताचाच सिनेमा घेतलास म्हटल्यावर तोंडातून निघून गेलं.

तेव्हापासून मी वाचत बसले आहे. बाबा हसतात. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला पहिला भयपट म्हणजे १९७३ चा 'द एक्झॉर्सिस्ट'. नामांकनं १०, हाती आली २. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'ला १९९२ साली चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, अभिनेत्री, पटकथा असे पाचही मोठे ऑस्कर मिळाले, तर लोक म्हणतात तो भयपट नव्हेच, थ्रिलर! बक्षीस मिळालं की कूळच बदलून टाकायचं. 'गेट आउट'ला तर गोल्डन ग्लोब्जमध्ये विनोदी आणि संगीतपटांच्या पंगतीत बसवलं होतं.

'हेरेडिटरी'ही पाहिला. भर दुपारी, आवाज बारीक करून. मुलगी गेल्यावर टोनी कोलेट जमिनीवर कोसळून जो आक्रोश करते, तसा मी कुठल्याच कौटुंबिक सिनेमात ऐकला नाही. आणि तिला ऑस्करचं साधं नामांकनसुद्धा नाही! कॅथी बेट्सला 'मिझरी'साठी ऑस्करच मिळाला, असं तू म्हणशील. मिळाला ना. पण अशी नावं बोटांवर मोजावी लागतात, मिनू. तू एवढी मेहनत करायचीस आणि लोकांनी 'घाबरवलं हो छान' म्हणून उठून जायचं?

बघ, झालं माझं सुरू. हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

आजी गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. रडली नाहीस. रात्री मात्र तिच्या खोलीतला दिवा मालवू द्यायची नाहीस. "ती आली तर तिला दिसायला नको का?" मी रागावले होते, भलतंसलतं डोक्यात घेऊ नकोस म्हणून. तुझ्या मागच्या सिनेमातला जिन्यावरचा सीन पाहताना तो दिवा आठवला. काही बोलत नाहीस, नुसती मान वळवतेस. मी चारदा पाहिला. बाबा पहिल्याच वेळी उठून आत गेले, डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणे.

आणि एक कबूल करते. कुणी विचारलं तर 'सिनेमात काम करते' एवढंच सांगते मी. कसल्या, ते सांगत नाही. तुला हे कळलेलं असणार, म्हणूनच फोन ठेवलास का?

शूटिंग रात्रीचं आहे म्हणालीस. परत सोडायला कोण येतं? आणि घसा जप. एकेका सीनचे किती टेक घेतात कोण जाणे, प्रत्येक वेळी पूर्ण ताकदीने ओरडलंच पाहिजे असं नाही. त्यांना सांगावं स्पष्ट. तू सांगणार नाहीस, माहीत आहे.

तुझी,
आई

ता. क. त्या शिक्षिकेच्या भूमिकेसाठी दुसरी कुणी घेतली का? सहज विचारते.