आधी परतीचे विमान, मग सामना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेत येणाऱ्या आई-वडिलांसाठी मराठी वृत्तपत्रांत जे प्रवासलेख येतात, त्यांत नायगारा आणि ग्रँड कॅन्यन हमखास असतात. बेसबॉल क्वचितच असतो. असला तरी ‘दुसऱ्या शहरात सामना बघायचा तर एक मुक्काम धरा’ एवढ्यावर विषय आटोपतो. मुक्कामाची गरज नाही, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच. चार-सहा मित्रांनी पहाटेच्या विमानाने जावे, दुपारचा सामना बघावा आणि रात्री आपापल्या घरी झोपावे, हे सहज जमते. ज्यांचे जमत नाही, त्यांचा क्रम चुकलेला असतो. आधी आवडता संघ, मग सामन्याचे तिकीट, मग जाणारे विमान आणि सगळ्यात शेवटी परतीचे, असा तो क्रम. खरे तर परतीच्या विमानापासून सुरुवात करावी.

बेसबॉलची वेळ आता बरीचशी बांधता येते. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत २०२३ च्या हंगामापासून पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, घड्याळ आले. बेसवर (धावपटूच्या थांब्यावर) कोणी नसेल तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा आणि धावपटू उभा असेल तर थोडा जास्त वेळ (आधी २० सेकंद, २०२४ पासून १८). त्याआधी नऊ इनिंग्जचा (दोन्ही संघांची एकेक फलंदाजी म्हणजे एक इनिंग) सामना सरासरी तीन तासांहून जास्त चालायचा, तो दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आला. बरोबरी झाली तर जादा इनिंग्ज होतात, पण दहाव्या इनिंगपासून प्रत्येक संघ सेकंड बेसवर धावपटू ठेवूनच खेळायला लागतो. त्यामुळे निकालही लवकर लागतो. तेव्हा हिशेब असा: सामन्याला दोन तास चाळीस मिनिटे, जादा इनिंग्जसाठी चाळीस मिनिटे, मैदान ते विमानतळ एक तास, विमानतळावर दीड तास. म्हणजे पहिल्या चेंडूपासून साधारण सहा तासांनी सुटणारे विमान घ्यावे, त्याआधीचे नाही. आणि त्याच कंपनीचे त्याच संध्याकाळी आणखी एक विमान मागे असावे. ते नसेल तर सामना कितीही मोठा असो, बेत रद्द समजावा. आपले विमान रद्द झाले तर त्या मागच्या विमानातच जागा मिळण्याची आशा असते.

हा हिशेब रात्रीच्या सामन्याला लागू पडत नाही. पावणेसातचा सामना साडेनऊला संपणार आणि तोवर बहुतेक शेवटची विमाने निघून गेलेली असणार. सॅन डिएगोला तर आणखी एक पेच आहे. तिथले मैदान, पेटको पार्क, विमानतळापासून टॅक्सीने जेमतेम दहा-पंधरा मिनिटांवर, म्हणून सगळे मोहात पडतात. पण त्या विमानतळावरून रात्री साडेअकरा ते सकाळी साडेसहा या वेळात प्रवासी विमानांना उड्डाणाची बंदी आहे. अकराचे विमान पाऊण तास लेट झाले की ते पहाटेपर्यंत जागचे हलत नाही. अनाहाइमला एंजल्स संघाचा सामना बघून जवळच्या जॉन वेन विमानतळावरून परतणाऱ्यांसाठी ही मुदत रात्री दहाचीच आहे.

दुपारचे सामने मिळतात कुठे? तीस संघ प्रत्येकी १६२ सामने मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर खेळतात, त्यामुळे तोटा नाही. बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी जे सामने असतात ते बहुधा मालिकेतले शेवटचे. ते संपले की पाहुण्या संघाला पुढच्या गावाचे विमान गाठायचे असते, म्हणून दुपारी ठेवलेले. तिकिटे स्वस्त, विमानेही त्यातल्या त्यात रिकामी, एक रजा टाकावी लागते एवढेच. शिकागोत कब्ज संघाच्या रिगली फील्डवर १९८८ पर्यंत प्रकाशझोतच नव्हते. तिथे आजही दुपारचे सामने भरपूर असतात. रविवारी दुपारीही सामने असतात, पण रविवार संध्याकाळची विमाने गच्च भरलेली. शिवाय राष्ट्रीय टीव्हीसाठी रविवारचा एखादा सामना उचलून रात्री टाकतात आणि तो बदल जेमतेम काही आठवडे आधी कळतो. तोवर तुमचे विमान आरक्षित झालेले असते. एकाच दिवसात जाऊन यायचे तर बुधवारच बरा, हे आमचे ठाम मत.

बुधवारच्या दुपारी एक गोष्ट मात्र गमवावी लागते. आदल्या रात्री खेळून दुसऱ्या दुपारी पुन्हा उतरायचे असल्याने प्रशिक्षक नेहमीच्या कॅचरला (यष्टिरक्षकासारख्या खेळाडूला) आणि एखाद्या मोठ्या खेळाडूला विश्रांती देतात. मैदानावरचा फलंदाजीचा सरावही अशा दिवशी बहुधा नसतो. म्हणून दारे उघडायच्या आधी रांगेत उभे राहण्यात अर्थ नाही, पाऊण तास आधी पोहोचलात तरी पुरे. विशिष्ट पिचर बघायचा असेल तर बेत वेगळ्या तऱ्हेने आखावा लागतो. सुरुवातीचे पिचर साधारण पाचाच्या फेऱ्याने येतात. पाच-पाच सामने मोजत पुढे जाता येते, पण मधे सुट्टीचा दिवस किंवा पावसाने बुडालेला सामना आला की मोजणी सरकते. अधिकृत नावे जेमतेम काही दिवस आधी जाहीर होतात. डॉजर्स संघाचा प्रसिद्ध खेळाडू ओहतानी चेंडू टाकणार म्हणून महिनाभर आधी विमानाचे तिकीट काढणे हा शुद्ध जुगार आहे. हरकत नाही, पण जुगार आहे हे माहीत असावे.

आता शहर. इथे एकच कसोटी लावावी: विमानतळावरून मैदानापर्यंत रेल्वे जाते का? सेंट लुइसची मेट्रोलिंक विमानतळावरून थेट स्टेडियम स्थानकावर सोडते. मिनियापोलिसची ब्लू लाइन टार्गेट फील्डच्या दारात संपते. बाल्टिमोरची लाइट रेल कॅम्डन यार्ड्सला जाते, क्लीव्हलंडची रेड लाइन मैदानाजवळच्या टॉवर सिटीला. डेन्व्हरला ए लाइनने ३७ मिनिटांत युनियन स्टेशन आणि तिथून कूर्स फील्ड चालत. याउलट डॅलसच्या मराठी मंडळींना माहीत असेलच, टेक्सास रेंजर्सचे मैदान आर्लिंग्टनला आहे आणि त्या शहरात ठरलेल्या मार्गाची बस नाही की मैदानाला जाणारी रेल्वे नाही. अटलांटाचा संघ २०१७ पासून शहराबाहेर कॉब काउंटीत गेला, तिथवर विमानतळाची रेल्वे पोहोचत नाही. सामना सुटल्यावर चाळीस हजार माणसे एकदम टॅक्सी बोलावतात, तेव्हा भाडे किती चढते आणि गाडी किती वेळाने येते याचा भरवसा कोणी देऊ नये.

सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या आपल्या लोकांसाठी सगळ्यात सोपी सहल सिएटलची. दोन तासांच्या आसपासचे उड्डाण, घड्याळ बदलायचे नाही, आणि टी-मोबाइल पार्क या तिथल्या मैदानाला सरकते छप्पर. ते छप्पर छत्रीसारखे वरून झाकते, बाजू मोकळ्याच राहतात. पावसाने सामना जात नाही, पण एप्रिलमधला गारठा आत येतोच. जाकीट हवे. विमानतळाच्या इमारतीतून पार्किंगच्या चौथ्या मजल्यावरून चालत लाइट रेलच्या स्थानकावर जायला दहा मिनिटे लागतात. तिथून शहराकडे जाणारी वन लाइन धरावी, भाडे सरसकट तीन डॉलर. अर्ध्या तासाच्या थोड्या पुढे स्टेडियम स्थानक येते आणि मैदान तिथून चालत दहा मिनिटे. परतीला त्याच स्थानकावर गर्दी होते. गाड्या आठ-दहा मिनिटांनी येतात, पहिली सोडावी लागली तरी बिघडत नाही. पहिला चेंडू १२ वाजून ४० मिनिटांनी असेल तर पावणेसातच्या सुमाराचे विमान बरोबर बसते.

निघताना कोणत्या विमानतळावरून निघायचे हाही प्रश्न आहे. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या समांतर धावपट्ट्यांमध्ये जेमतेम ७५० फुटांचे अंतर आहे. उन्हाळ्यात सकाळी ढग खाली उतरले की दोन विमाने शेजारी-शेजारी उतरवता येत नाहीत आणि उतरणाऱ्या विमानांची संख्या निम्म्यावर येते. सहा-सातचे विमान रात्रीच येऊन उभे असते, ते सहसा वेळेवर सुटते. नऊचे विमान मात्र दुसऱ्या गावाहून यायचे असते आणि तेच अडकते. म्हणून एकतर पहिले विमान घ्या, नाहीतर ओकलंड किंवा सान होजेहून निघा.

मैदानाला छप्पर नसलेल्या शहरात पाऊस हाच खरा शत्रू. सामना पुढे ढकलला तर तिकीट नव्या तारखेला चालते, पैसे सहसा परत मिळत नाहीत. त्या शहरात राहणाऱ्याला हे ठीक, विमानाने आलेल्याला त्याचा काय उपयोग? ते तिकीट पुनर्विक्रीला टाकावे आणि विषय सोडून द्यावा. आदल्या दिवशीचा सामना पावसात गेला असेल तर तुमच्या दिवशी दोन सामने लावू शकतात आणि सुरुवातीची वेळ बदलू शकते. आदल्या रात्री झोपण्यापूर्वी संघाच्या संकेतस्थळावर वेळ पुन्हा बघावी. डेन्व्हरसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी वादळे येतात. त्यात सामनाही थांबतो आणि विमानेही, म्हणजे दोन्हीकडून कोंडी.

घड्याळाचे गणितही बघावे. पश्चिमेकडे जाताना सकाळी तास मिळतो, तो परतीला द्यावा लागतो. सामना बघायला हे सोयीचे. पूर्वेकडे जाताना उलटे होते: सान होजेहून शिकागोला पहाटे निघालात तरी चार तासांचे उड्डाण आणि दोन तासांचा फरक मिळून दुपार झालेली असते. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, त्यामुळे फिनिक्सची वेळ तेव्हा कॅलिफोर्नियाएवढीच असते. तिथल्या मैदानाला छप्पर आणि वातानुकूलन दोन्ही आहे. जुलैत त्याशिवाय बसवणारच नाही.

मित्रांसाठी तिकिटे काढताना एक खोच लक्षात घ्यावी. एकदम सहा जागा शोधल्या आणि स्वस्त दराच्या दोनच उरल्या असतील, तर संगणक साधारणपणे सहाही जागांना वरचा दर लावतो. आधी एका जागेचा दर बघावा, मग सहांचा, फरक दिसला तर दोन आणि चार असे तुकडे करावेत. तोटा एवढाच की विमान रद्द झाले तर कंपनी त्या दोन आरक्षणांना वेगवेगळ्या विमानांत घालू शकते. दरातला फरक किरकोळ असेल तर एकत्रच बरे. निघायला सात दिवस किंवा जास्त अवकाश असताना विमान कंपनीकडूनच थेट तिकीट काढले, तर चोवीस तासांत रद्द करून पूर्ण पैसे मिळतात. त्या चोवीस तासांत सामन्याची तिकिटे जमवावीत. सामन्याची तिकिटे आता फोनवरच असतात. एकाच्या फोनवर सगळी ठेवू नयेत, आदल्या दिवशी ज्याची त्याला पाठवावीत. नाहीतर एकाची बॅटरी संपली की सहा जण दाराबाहेर. सहा जागा एका ओळीत घेण्यापेक्षा मागे-पुढे तीन-तीन घ्याव्यात, गप्पा होतात. बहुतेक मैदानांत होम प्लेटमागे (फलंदाज उभा राहतो त्या जागेमागे) आणि थर्ड बेसच्या बाजूला, वरच्या मजल्याच्या सज्जाखालच्या रांगांत सावली आधी येते. उन्हात तीन तास बसायची हौस एका सामन्यात फिटते.

सामान शक्यतो नकोच. मैदानावर लॉकर मिळेल या भरवशावर राहू नये, बऱ्याच ठिकाणी पाठीवरची सॅक आत नेऊ देत नाहीत आणि पिशवीची मर्यादा साधारण १६ बाय १६ बाय ८ इंच असते. प्रत्येक मैदानाचे नियम वेगळे, ते आधी वाचावेत. जाकीट कमरेला, पॉवर बँक खिशात.

पाहुणे आई-वडील सोबत असतील तर देशांतर्गत विमानालाही त्यांचा मूळ पासपोर्ट न्यावा, छायाप्रत चालत नाही. इथल्या वाहन परवान्यावर प्रवास करणाऱ्यांनी तो रिअल आयडी (केंद्र सरकारच्या निकषांत बसणारे ओळखपत्र) आहे ना हे बघावे, ७ मे २०२५ पासून विमानतळावर त्याची अंमलबजावणी सुरू झाली आहे. आणि मैदानावरच्या दुकानातून नातवंडांसाठी लाकडी बॅट घेऊ नये. चेंडू, टोपी, जर्सी खुशाल घ्यावी, पण बॅट विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाही आणि एका दिवसाच्या सहलीत सामान चेक-इन करायला कोणाची बॅगच नसते. बॅट हवीच असेल तर घरी परतल्यावर ऑनलाइन मागवावी.

आपले,
सान होजे (कॅलिफोर्निया) परिसरातील काही मराठी बेसबॉलप्रेमी